ओटा की जिना

नाकातलं काढून गुडघ्यात घालतात हे ऐकल्यावर शालन मगदूमला वाटलं, ही डॉक्टरीण आपली चेष्टा करतीये. शेजारी नवरा बसला होता, भूपाल. त्याने तर सरळ विचारलं, की मग सर्दी झाली की गुडघा गळायला लागणार का. डॉक्टरीण हसली. हा प्रश्न तिला रोज कुणीतरी विचारत असणार, कारण तिचं हसू प्रश्न संपायच्या आधीच सुरू झालं होतं.

मिरजेतला तो दवाखाना फक्त सांध्यांचा होता. डॉक्टरीण निलोफर बागवान, शालनच्या पोरापेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी मोठी. तिने आधी शालनच्या गुडघ्याला एक पट्टा बांधला आणि तिला उठबस करायला लावली. पट्ट्यात बारीक बारीक कान होते म्हणे. सांधा झिजला की आत कुरकुर होते. आपल्याला ती फार उशिरा ऐकू येते, पट्ट्याला पहिल्या दिवसापासून येते, आणि त्या कुरकुरीवरून कुठे किती झिजलंय ते पडद्यावर उमटतं. निलोफरने शालनच्या गुडघ्याचा आवाज मोठा करून ऐकवला. वाळक्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा. भूपाल म्हणाला, बंद करा ते.

मग तिने समजावलं. दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये गुळगुळीत गादी असते. कातडं फाटलं तर भरून येतं, हाड मोडलं तर जुळतं, पण ही गादी एकदा झिजली की झिजली. तिच्यात रक्तवाहिनीच नाही, त्यामुळे दुरुस्तीचं सामान तिथवर पोचत नाही. पूर्वी एकच इलाज होता, सांधा कापायचा आणि धातूचा बसवायचा. आता नाकाच्या मधल्या पडद्यातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. तिथेही असलीच गादी असते, आणि तिच्यातल्या पेशी उतारवयातही तरतरीत असतात. त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, आपल्या गुडघ्याच्या मापाने छापलेल्या एका जाळीवर पेरायच्या आणि दुर्बिणीतून ती जाळी आत बसवायची. काही महिन्यांनी जाळी विरघळते. गादी राहते.

"पण काकू, एक नीट ऐका," निलोफर म्हणाली. "त्या पेशींना आपण गुडघा आहोत हे माहीत नसतं. त्यांना दाबातून कळतं. पहिलं वर्षभर ही गादी ओल्या मातीसारखी असते. तुम्ही ज्या बाजूने, जसा भार द्याल, तसे तिच्यातले धागे लागत जातात. वर्षानंतर ती पक्की होते. मग बदल नाही. मी फक्त बी टाकते. गुडघा तुम्हीच बनवायचा."

भूपालने विचारलं, दुखायचं कधी थांबेल. शालनने काहीच विचारलं नाही.

शालनचे गुडघे गेले त्याला पाचेक वर्षं झाली होती. त्याआधी घरातलं सगळं तीच करायची. सगळं म्हणजे काय, ते सांगायला बसलं तर ती सांगतानाही दमली असती. त्यात मगदूमांच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवायचं, जैनांची जुनी रीत. मुलगा सम्मेद आणि सून ऋतुजा यांनी ती कधीच सोडली होती. दोघं कुपवाडला नोकरीला, त्यांना घरी यायलाच अंधार व्हायचा. पण भूपालने सोडली नव्हती, आणि त्याच्यामुळे शालननेही. म्हणजे चार वाजले की बाई ओट्याशी उभी. हिवाळ्यात त्याहून आधी. सगळ्या गल्लीची दुपार असायची तेव्हा शालनची संध्याकाळ झालेली असायची.

मग गुडघे गेले आणि ओट्याशी उभं राहणं संपलं.

भूपालने आधी डबा लावून बघितला. डबेवाली बाई यायची दिवेलागणीला, तिला काय कुणाचा सूर्य. शेवटी एके दिवशी त्याने कमरेला पंचा गुंडाळला आणि पीठ मळायला घेतलं. शालन खुर्चीवरून सांगायची, तो ऐकायचा नाही, भाकरी फाटायची, आणि पिठात खोट आहे म्हणून तो दुकानदाराला नावं ठेवायचा. हळूहळू हात बसला. त्याच्या भाकरीची कड जाड राहायची ती शेवटपर्यंत राहिली, पण फुगायची टम्म. पाहुणे आले की तो त्यांना गप्पांत रंगवून मुद्दाम चारपर्यंत थांबवून घ्यायचा, म्हणजे त्यांनी बघावं.

आणि शालन बसायला लागली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

गल्लीच्या तोंडाला तात्या पिसे शिंप्याचं दुकान होतं. आता शिवून घ्यायला कुणी येत नसे. मापं फोनच घ्यायचा आणि कपडे कुठूनतरी शिवून यायचे. तात्याकडे उरलं होतं साडीला फॉल, पँटची उंची, आणि एक जुनी पायमशीन, जिच्या फळीवर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. दुकानाच्या बरोबर वर बुद्धिबळ मंडळ. यंत्रांनी माणसाला या खेळात हरवून किती वर्षं झाली, तरी सांगलीत लोक अजून लाकडी सोंगट्या घेऊन समोरासमोर बसायचे. शालन एकदा काठी टेकत फॉल लावायला गेली, खुर्चीवरून उठता येईना म्हणून बसून राहिली. समोर तात्या एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत होता.

"घोडा मरतोय तुमचा," ती म्हणाली.

माहेरी ती भावाबरोबर खेळायची, लग्नाआधी. हात विसरला असेल असं तिला वाटलं होतं, विसरला नव्हता. त्या दिवसापासून रोज दुपारी ती तात्याकडे. भूपालचा फोन यायचा, ताट वाढलंय, मग उठायची. घरच्यांना माहीत होतं ती तात्याकडे बसते. काय करते हे कुणी फारसं विचारलं नाही. बिचारीचे गुडघे दुखतात, बसू दे.

वर स्पर्धा असली की छतातून घड्याळाची बटणं दाबल्याचा आवाज यायचा. टक्. मग शांतता. मग टक्. त्या शांततेचा शालनला फार लोभ होता. जिना दगडी, अरुंद, उंच पायऱ्यांचा. कधी कधी ती तळाशी उभी राहून वर बघायची आणि परत फिरायची. मंडळवाले एकदा म्हणाले, काकू, तुमच्यासाठी खाली टेबल टाकतो. ती नको म्हणाली. खाली टेबल टाकलं की समोरचा आपल्याशी खेळत नाही, आपल्याला भेटायला येतो.

ऑपरेशनला ती हो म्हणाली ती या जिन्यासाठी. हे तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. गुडघे दुखतात तर गुडघे बरे करायचे, त्यात कशासाठी काय विचारायचं.

दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांत नवी गादी बसली. काही आठवड्यांत दुखणं इतकं कमी झालं, की शालनला सकाळी जाग आल्यावर चुकल्यासारखं व्हायचं. आत एक बारीक दोरा शिवलेला होता. गुडघ्यावर किती भार पडतो आणि तो किती वाकतो, याची बेरीज तो फोनकडे पाठवायचा. फोनवर एक गोल. सकाळी पांढरा, भार पडत जाईल तसा पिवळा, दिवसाचा भार पुरा झाला की हिरवा. त्यापुढे गेलं तर लाल, आणि 'आता विश्रांती घ्या'. सम्मेदने तो गोल घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जोडून दिला. आईची काळजी म्हणून.

तिथून सगळं सुरू झालं.

पहिल्यांदा ऋतुजाच म्हणाली, आणि अगदी चांगल्या मनाने, की आई, गोल अजून पांढराच दिसतोय, कोपऱ्यावरून भाजी आणता का, तेवढंच चालणं. मग धुणं वाळत घालणं आलं, वर हात करायचा, टाचा उचलायच्या, गुडघ्याला चांगलं. मग फरशी, बसून पुसली की वाकणं होतं. शालनची नणंद जयसिंगपूरहून फोन करून म्हणाली, आता तू बरी झालीस तर या वर्षी पापड तुझ्याकडेच घालू. कुणी हुकूम सोडत नव्हतं. सगळे औषध दिल्यासारखं काम देत होते, आणि औषधाला नाही कसं म्हणायचं. गोल पांढरा राहिला तर गादी कच्ची राहणार, हे तर डॉक्टरणीनेच सांगितलं होतं.

भूपालने मात्र काहीच सांगितलं नाही. एके दिवशी चार वाजले, पंचा खिळ्यावरच राहिला, आणि तो पेपर घेऊन खिडकीत बसला. शालन थोडा वेळ त्या पंच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि पीठ काढलं. तिची भाकरी पातळ, कडेपर्यंत एकसारखी. भूपाल जेवताना म्हणाला, वा. तेवढंच.

तात्याकडे जाणं सुटलं. दुखत होतं तेव्हाही ती दमायची, पण तेव्हा गुडघे दमायचे. आता गुडघे तेवढे ताजे होते आणि बाकीची शालन दमलेली होती.

एका दुपारी ऋतुजाच्या साडीचा फॉल न्यायचा म्हणून ती तात्याकडे गेली. तात्याने पट मांडलेलाच होता. तो म्हणाला, एकच डाव, वहिनी, गुडघे काय पळून चाललेत का. ती बसली. मशीनच्या फळीवर पट, खाली लोखंडी पायपट्टी. डाव अडकला. विचार करता करता तिचे पाय पट्टीवर गेले आणि मारायला लागले, पुढे-मागे, पुढे-मागे. वर चाक फिरत होतं, सुईत दोरा नव्हता. डाव ती हरली. उठताना फोन बघितला तर गोल हिरवा.

तिने फोन तात्याला दाखवला. तात्याने चष्मा वर केला. "तुझा गुडघा अंगठाछाप दिसतोय," तो म्हणाला. "त्याला काय शिवतोय तेही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तात्याने चाकाचा पट्टा आवळून दिला, म्हणजे पायाला जोर लागावा. गुडघ्यातल्या दोऱ्याला फक्त बेरीज कळत होती. भार थोडा का असेना, फेऱ्या भरपूर. शालन दोनला जाऊन बसायची, खेळायची, पाय मारायची, आणि चार वाजेपर्यंत गोल काठोकाठ. कधी डाव रंगला तर लाल. मग घरी सगळ्यांच्या फोनवर यायचं, आता विश्रांती घ्या. ऋतुजा ऑफिसातून फोन करायची, आई, आज फार झालं तुमचं, आता काही करू नका. कुणी विचारलं तर शालन सांगायची, चालले जरा इकडे-तिकडे.

आणि भूपाल खिडकीतून उठायचा, पंचा काढायचा आणि ओट्याशी उभा राहायचा.

तिने बघितलं नाही असं नाही. भाकरी थापताना तो मध्येच एक हात ओट्यावर टेकायचा. भार एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. एकदा तव्यावरची भाकरी तशीच ठेवून तो स्टुलावर बसला आणि भाकरी करपली. वय झालं, असं त्याने स्वतःच म्हणून टाकलं. शालनच्या मनात आलं, उठावं. फोन हातात लाल होता. ती उठली नाही.

श्रावणात तपासणी आली. ऋतुजाने सुट्टी टाकली, तिघं मिरजेला गेले. निलोफरने पट्टा बांधला, आवाज ऐकला. पाचोळा कुठेच नव्हता, तिने खूश होऊन मान हलवली. मग तिने आतली चित्रं पडद्यावर घेतली आणि एक चित्र मोठं करून परत परत बघितलं.

"काकू, तुम्ही शिवणकाम करता का?"

भूपाल हसला. म्हणाला, हिने गेल्या कित्येक वर्षांत बटण लावलेलं नाही.

निलोफरने चित्र त्यांच्याकडे वळवलं. गुडघ्याच्या गोलाईवर पुढच्या अंगाला एक पट्टा जाडजूड झाला होता, रंगाने गडद. बाकी सगळीकडे गादी होती, पण विरळ, कोवळी. तिने बोटाने दाखवलं. उभं राहिलं की भार इथे मध्यावर यायला हवा, इथे काही नाही. जिना चढताना गुडघा वाकून वजन उचलतो, ते इथे मागच्या अंगाला, तिथेही नाही. ज्या एका पट्ट्यावर गादी लागलीये तो पट्टा, खुर्चीवर बसून पाय पुढे-मागे करणाऱ्याचा. तिच्याकडे एक म्हातारे शिंपी आले होते, त्यांच्या सांध्यावर अशीच खूण होती. फक्त त्यांची झिजेची होती.

"मी पाय मारत बसत होते," शालन म्हणाली. "तात्याच्या मशीनवर."

आधी ऋतुजाला कळलंच नाही. मग कळलं. तिने फोन काढून गोल बघितला, जणू तोच काही बोलेल.

भूपाल जमिनीकडे बघत होता. आवाज न चढवता तो बोलला, आणि ते जास्त लागलं.

"मी लाल गोल बघायचो. म्हणायचो, बिचारी दमली असेल. म्हणून उभा राहायचो मी."

"मला कळत होतं."

"कळत होतं?"

"हो."

निलोफरला असल्या भांडणांची सवय असावी. ती सरळ कामाचं बोलली. वर्ष पुरं व्हायला अजून तीन महिने आहेत. गादी अजून थोडी ओली आहे, पण थोडीच. एवढ्या दिवसांत सगळ्या बाजूंनी ती लागणार नाही. सपाटीवर चालणं, बसणं-उठणं तर होईलच. त्याशिवाय एक काहीतरी निवडा. तासन्‌तास उभं राहता येईल असा गुडघा, नाहीतर जिना चढता येईल असा. एकावर भर दिला तर तो नीट होईल. दोन्हींच्या मागे लागलात तर दोन्ही कच्चे.

"ओटा," भूपाल म्हणाला. "म्हणजे उभं राहणं. आमच्या घरात जिनाच नाही."

ते बरोबरच होतं. घर बैठं. ऋतुजाने मान डोलावली. निलोफर व्यायाम ठरवायला लागली, दिवसात किती वेळा, किती वेळ. शालनला वाटलं, आता गप्प बसलं तर हे असंच पार पडेल. गप्प बसायची तिला सवयच होती. गेल्या वेळी याच खुर्चीवर ती गप्प बसली होती. म्हणून तर हे झालं.

"जिना," ती म्हणाली.

भूपालने विचारलं, कुठला जिना.

"मंडळाचा. बुद्धिबळ मंडळाचा. दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा आहे, वर. मला वर जाऊन खेळायचंय."

ऋतुजा तिच्याकडे बघत राहिली. "आई, तुम्ही तात्यांकडे बुद्धिबळ खेळता? मला वाटायचं गप्पा मारायला जाता."

"आणि सैपाक?" भूपाल म्हणाला.

"तुम्ही करताय की."

"कुठवर?"

मला माहीत नाही, असं शालनने सांगून टाकलं. भूपाल उठला. उठताना कट्‌ असा आवाज झाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. निलोफरने पडद्यावरची नजर काढून त्याच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, काका, जरा पट्टा बांधून बघू या का.

"खुर्चीचा आवाज आहे तो," भूपाल म्हणाला आणि बाहेर गेला.

त्यानंतर कित्येक दिवस तो शालनशी कामापुरतंच बोलला. सैपाक मात्र केला. भाकरीची कड आणखी जाड झाली. ऋतुजाने काही न बोलता रविवारचा सैपाक स्वतःकडे घेतला, आणि सगळ्यांच्या फोनवरचा तो गोल काढून टाकला. सम्मेदने विचारलं का काढलास, तर म्हणाली, आपल्याला तो वाचता येत नव्हता.

शालन जिना शिकायला लागली. शिकणं म्हणजे शिकणंच. गुडघ्याला पायरी ठाऊक नव्हती. पहिल्या दिवशी दोनच पायऱ्या, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आणि खाली तात्या असा हात पसरून उभा, जणू ती पडली तर तो तिला झेलणार होता. तात्याचं वजन शालनच्या निम्मंही नसेल. मग अर्धा जिना. मधल्या वळणावर तात्याने स्टूल ठेवून दिलं. मंडळातली पोरं चढता-उतरता अंग चोरून जायची, काकू, सावकाश, म्हणायची. दुखायचं नाही. फक्त पाय आपले नसल्यासारखे वाटायचे, कुणाचे तरी मागून आणलेले.

एका दुपारी ती वर पोचली. वर बघण्यासारखं काही नव्हतं. ट्यूबलाइटी, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कुणाकुणाचे फोटो, आणि पश्चिमेला एक मोठी खिडकी. ती दारात उभी राहून श्वास घेत होती. खालून ऐकू यायची ती शांतता वर आल्यावर शांतता नव्हतीच. खुर्च्या करकरत होत्या, कुणी घसा साफ करत होतं, कुणी पायाने जमीन बडवत होतं. पाच वर्षं छताखालून ऐकलं ते हे. शालनला थोडं हसू आलं आणि फार थकवा आला. ती बसली.

दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा लागली. पहिल्या फेरीला समोर मिरजेची एक कॉलेजातली पोरगी, केसांत पेन खोचलेली. फोन दाराशी टोपलीत. डाव लांबला, बाकीची टेबलं एकेक करून रिकामी झाली. शालनने एक हत्ती देऊन दोन प्यादी पुढे काढली होती, ती आता पोरीच्या घशात अडकली होती. पोरगी दोन्ही हातांत डोकं धरून विचार करत होती. घड्याळ पोरीचं चालू होतं.

खिडकीतलं ऊन पटांवरून सरकत भिंतीवर गेलं. शालनच्या ते लक्षात आलं होतं. आज उपाशी, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. एवढ्यात दारात तात्या दिसला. बोलायची परवानगी नव्हती, त्याने नुसती हाताने घास तोंडाला नेल्याची खूण केली आणि खाली बोट दाखवलं.

शालनने पंचांना विचारलं आणि उठली. उतरणं चढण्यापेक्षा अवघड. वळणावर आल्यावर तिला भूपाल दिसला. एका हातात डबा, दुसरा हात कठड्यावर. एक पाय दुसऱ्या पायरीवर, एक खाली. तो वर येत नव्हता आणि मागेही जात नव्हता. तिला बघून त्याने पाय काढून घेतला आणि डबा उघडायचं निमित्त केलं.

"जेव आधी," तो म्हणाला. "ऊन चाललंय."

तात्याच्या मशीनच्या फळीवर डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. दोघांपुरतं होतं. तोही जेवला नव्हता. शालनने जाड कड आधी खाल्ली, मग मधलं.

"वर का नाही आलात?"

"येतच होतो." त्याने भाकरी मोडली. "दुसऱ्या पायरीवर आवाज आला."

"खुर्चीचा?"

तो हसला नाही, पण हसायच्या जवळ आला. तिने विचारलं, कधीपासून दुखतंय. तो म्हणाला, झालं की आता, तू पाय मारत बसायचीस तेव्हापासून, त्याच्याही आधीपासून. तुझे बरे होत होते, मध्ये माझं कुठे काढायचं. त्याने हे दोष देऊन नाही सांगितलं. थकलेल्या माणसाने थकलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. पंचा, ओट्यावर टेकलेला हात, करपलेली भाकरी, सगळं तिने बघितलं होतं आणि गोल लाल होता म्हणून बसून राहिली होती.

"मिरजेला दाखवायला पाहिजे," भूपाल म्हणाला. "माझं पण नाक कापतील."

"दाखवू. उद्याच फोन करते. पण तिथे जायच्या आधी एक ठरवा."

"काय?"

"कशासाठी पाहिजे ते. मी सांगितलं नव्हतं, म्हणून बाकीच्यांनी ठरवलं. तुम्ही आधीच सांगा."

भूपालने विचार केला. खरंच केला, भाकरी हातात धरून. बाहेर रस्त्यावर ऊन आता फक्त वरच्या गच्च्यांवर उरलं होतं. शालनला वाटलं, शेताकडे जाणं म्हणेल, किंवा मंदिराच्या पायऱ्या.

"उभं राहता आलं पाहिजे," तो म्हणाला. "भाकरीला."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"रोज नाही हां," तो घाईने म्हणाला. "रोज कोण करतंय. पण चांगली फुगते ती. एवढी शिकलो आणि आता उभंच राहता येईना म्हणजे काय."

छतातून आवाज आला. टक्.

पोरीने चाल केली होती. शालनचं घड्याळ सुरू झालं होतं. भूपालने डब्याचं झाकण लावायला घेतलं, ती म्हणाली थांबा, आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला. पाणी प्यायली. गच्चीवरचं ऊन अजून होतं, जेमतेम. मग तिने कठडा धरला आणि पहिली पायरी चढली. गुडघ्याला ती आता ठाऊक होती.